अंजनेरीच्या पायथ्याचा ओहळ

नाशिक,
८ सप्टेंबर

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. ‘पोरं जरा मोठी होऊ देत, मग येतो डोंगरात’ हे तुझं पालुपद चार वर्षं ऐकतोय. अगदी परवापर्यंत मीही तेच म्हणत होतो, त्यामुळे तुला फार बोलायची सोय नाही. पण रविवारी आम्ही अंजनेरीला गेलो.

माथ्यावर नाही, घाबरू नकोस. सोबत आई, मीरा आणि साडेचार वर्षांची चिऊ. त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटर, मग डावीकडे गावात. वाटेत ती यादवकाळातली पडकी देवळं. तिथे शके १०६३ चा शिलालेख आहे आणि आपण कॉलेजात असताना त्याच्याच बाजूला बसून वडापाव हाणले होते. तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते.

गाडी लावली आणि भातखाचरांच्या बांधावरून ओहळ धरला. भात पोटरीत आलंय, वरच्या उतारावर नागली, आणि कडेकडेने तेरडा नुसता माजलाय. कातळावर सोनकी नुकती कुठे फुटायला लागली आहे. आपलं ते कंदीलपुष्प मात्र वर पठारावरच. आठवतं, २००६ साली नवी जात म्हणून त्याची नोंद झाली, नावातच ‘अंजनेरिका’, आणि तू म्हणालास, ‘म्हणजे आपण ते कितीदा तुडवलं असेल!’

चालायचं अंतर जेमतेम एक किलोमीटर. लागले अडीच तास.

कारण पहिल्याच डबक्यापाशी चिऊ बसली. दगडाखाली मुठा खेकडा होता. एक नांगी चांगली जाड, दुसरी इवलीशी, आणि जाडी नांगी दाराला फळी लावावी तशी तोंडापुढे आडवी धरलेली. चिऊ गवताची काडी पुढे करायची, तो काडी पकडायचा, ओढायचा, सोडायचा. ही खिदळणार, तो आत जाणार. पुन्हा काडी. ‘चल, पुढे धबधबा आहे,’ असं मी तीनदा सांगितलं. आई म्हणाली, ‘तू जाऊन ये की धबधब्याला. आम्ही मुठ्यापाशी आहोत.’

गेलो. पाच मिनिटांत परत आलो. एकटा माणूस त्या कमरेएवढ्या धबधब्यापुढे उभा राहून करणार काय? येताना शेवाळलेल्या कातळावर पाय सटकला आणि बूड सडकून आपटलं. अडुसष्ट वर्षांची आई चपला हातात घेऊन अनवाणी, काठी टेकत, माझ्याआधी पलीकडे.

एक मात्र पाळ. ऊन पडलंय म्हणून ओहळात गाफील बसायचं नाही. पायथ्याला कोरडं असतं आणि वर डोंगरावर कोसळत असतो. गुडघाभर पाणी बघता बघता कमरेला लागतं. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की पोरं उचलायची आणि काठावर यायचं. फोटो नंतर. आम्ही तर दुपारी दोनच्या आत आवरलं.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाल्यावर आईने सागाच्या पानाची होडी करून दिली. ‘ही कुठे जाणार?’ चिऊने विचारलं. मी मास्तर झालो: हा ओहळ गोदावरीला मिळतो, गोदावरी गंगापूर धरणात जाते, धरणातलं पाणी आपल्या नळाला येतं. ती जरा गप्प राहिली. होडी सोडली, आणि तिच्यामागोमाग धावताना उजव्या पायातली चप्पलही गेली. पांढऱ्या पट्ट्याची गुलाबी चप्पल, दोन दगडांमध्ये एकदा गिरकी घेऊन दिसेनाशी झाली. भोकाड पसरेल म्हणून मी तयारीत होतो. पण ही शांत. ‘नळातून येईल ना,’ म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला पाणी आलं की ती मोरीत हजर.

नवरात्राच्या आधी ये. दसऱ्यानंतर तिथे नुसते गोटे उरतात. वहिनींना सांग, पोरांना मागे पट्टा असलेल्या चपला घाला आणि दोन जोड कपडे जास्त घ्या. झोपायची सोय आमच्याकडे आहेच. आईने तुझ्यासाठी नागलीचे पापड बाजूला ठेवलेत, मला हात लावू देत नाही.

तुझा,
दिप्या