लोणार ‘भरले’ म्हणून आनंद नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोणार सरोवराची पातळी वाढून कमळजा देवीच्या मंदिरात पाणी शिरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा नागपुरात ओळखीच्या बऱ्याच जणांनी ‘चला, तळं भरलं!’ म्हणून समाधान मानले. अंबाझरी, फुटाळा तलाव भरला की बघायला धावणारे आपण. तसे वाटणे साहजिक आहे. पण लोणारचा हिशेब वेगळा आहे.

उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद. पाणी आत यायला वाटा पुष्कळ: पावसाळी ओहोळ, बारमाही धार, कड्यांतून पाझरणारे भूजल. बाहेर पडायला ओढा नाही की सांडवा नाही. पाणी जाते ते मुख्यतः उन्हाने वाफ होऊनच, आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालल्याने पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या वर गेला की पाणी अल्कधर्मी) १० च्या आसपास पोहोचला. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठच्या काळ्या चिखलावर पांढरी पापडी धरते. पाय पडताच ती कुरकुरून फुटते आणि खालून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हेच क्षार पूर्वी दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी विकले जात. काच आणि साबणाच्या कामी येणाऱ्या लोणारच्या क्षारांची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथातही आहे.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेही पातळी घटून खारटपणा वाढल्यामुळे. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. म्हणजे आटणे हा या सरोवराचा रोग नव्हे, ऋतुधर्म आहे. राजस्थानातले सांभर सरोवरही उन्हाळ्यात आटते, म्हणून तर तिथे मीठ पिकते. उलट गोडे पाणी सतत वाढत राहिले, तर क्षार पातळ होतील आणि त्यांच्यावरच जगणारी सृष्टी जाईल. गावाचे सांडपाणी त्यात मिसळले तर आणखीच वाईट.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाली. तेवढ्यावर थांबू नये. पातळी, सामू, क्षारता आणि प्रत्येक झऱ्याचा प्रवाह दरमहा मोजून आकडे लोकांसमोर ठेवावेत. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आपल्या शहरातच आहे, तिची मदत घ्यावी. वाढलेले पाणी पावसाचे किती, झऱ्यांचे किती, आजूबाजूच्या तलावांतून झिरपलेले किती, हे कळल्याशिवाय सरोवरातले पाणी उपसण्याचा निर्णय कुणी घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, नागपूर