दशांश तीन, निष्कर्ष शून्य

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका प्राध्यापकांचा शोधनिबंध ग्रामीण आरोग्याला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्याची बातमी होती. अभिनंदन करावे अशीच गोष्ट. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा इतर लेखक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, बातमीत तीन दशांश स्थळांपर्यंत छापला होता. निबंध कशावर होता आणि त्यात काय सापडले, हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत कळले नाही. गंमत म्हणजे हा आकडा जाहीर करणारी क्लॅरिव्हेट कंपनी २०२३ पासून तो एकाच दशांशापर्यंत देते. तेव्हा बातमीतला आकडा एक तर जुना असावा, नाही तर मिळत्याजुळत्या नावाच्या भलत्याच कुणी वाटलेला. असले आकडे हल्ली पैसे टाकून मिळतात.

माझी नोकरी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवण्यात गेली आणि अशा नियतकालिकांसाठी परीक्षक म्हणूनही मी बरीच वर्षे काम केले. म्हणून हे पत्र.

इम्पॅक्ट फॅक्टरचे गणित शाळकरी मुलाला जमेल इतके सोपे आहे. समजा, एका नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत ८० निबंध छापले आणि यंदा इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा ९६ वेळा संदर्भ दिला, तर आकडा १.२. त्या ८० पैकी एकाच निबंधाला आणखी ८० संदर्भ मिळाले की तो होतो २.२. उरलेले ७९ निबंध होते तिथेच. हे गृहीतक वाटत असेल तर स्फटिकशास्त्रातले ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए’ हे नियतकालिक पाहावे. त्याचा २००८ चा आकडा दोनच्या आसपास होता, २००९ चा ४९.९. कारण एकच लेख. ‘शेल्क्स’ या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा हा लेख, ती प्रणाली वापरणारा जो तो उद्धृत करत होता. लेखाची दोन वर्षांची मुदत सरली आणि आकडा पुन्हा दोनवर आला. मधल्या काळात तिथे छापून आलेल्या इतर लेखकांनी आपल्या बायोडेटात काय लिहिले असेल, याचे मला कुतूहल आहे.

ग्रामीण आरोग्याच्या नियतकालिकाला तर हे गणित मुळातच अडचणीचे. संदर्भ कोण देतो? जो स्वतः निबंध लिहितो तो. आरोग्य केंद्रातली नर्स लेख वाचून सर्पदंशाचा रुग्ण पुढे पाठवण्याची पद्धत बदलेल, पण त्यावर निबंध लिहायला तिला सवड कुठली? तिचे वाचन कुठेच मोजले जात नाही. त्यात क्लॅरिव्हेटच्या वर्गवारीत ‘ग्रामीण आरोग्य’ असा स्वतंत्र गट नाही. ही नियतकालिके सार्वजनिक आरोग्य किंवा आरोग्यसेवा अशा भल्यामोठ्या गटांत टाकली जातात आणि बड्या विद्यापीठांच्या नियतकालिकांशेजारी त्यांची ‘क्यू वन’ (वरचा पाव हिस्सा) ते ‘क्यू फोर’ (तळचा पाव हिस्सा) अशी प्रतवारी लागते.

प्रतवारी सुधारायची तर संपादकाला हाताशी असलेला मार्ग म्हणजे व्याप्ती (स्कोप), म्हणजे कोणत्या प्रकारचे लेखन घ्यायचे ते, बदलणे. आढावा घेणारे लेख जास्त घ्यायचे, कारण त्यांना संदर्भ मिळतात. एखाद्या भागापुरती निरीक्षणे, रुग्णांच्या हकिकती टाळायच्या. स्कोपच्या पानावर हळूच एक ओळ येते: ‘केवळ स्थानिक महत्त्वाचे लेखन स्वीकारले जाणार नाही.’

काही वर्षांपूर्वी परीक्षणासाठी माझ्याकडे एक निबंध आला होता. एका नर्सने आणि तिच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रसूतीसाठी निघालेल्या बायकांची नोंदवही मांडली होती: घरातून कधी निघाली, वाहन कधी मिळाले, दवाखान्यात कधी पोहोचली. घरात घड्याळ नव्हते तिथे वेळेच्या रकान्यात ‘अंधार पडल्यावर’ असे लिहिले होते आणि लेखकांनी ते तसेच ठेवले होते. संख्याशास्त्र कच्चे होते, इंग्रजी त्याहून. पण वेळ घरातून निघायला लागतो की वाहन मिळायला, हे त्या तक्त्यांतून स्वच्छ दिसत होते. दुरुस्त्या सुचवून ‘छापावा’ असे मी कळवले. संपादकांचे उत्तर आले, व्याप्तीत बसत नाही. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात मधुमेहाच्या एका औषधाची चाचणी छापून आली. ती ग्रामीण एवढ्याचसाठी, की रुग्णालयाचा पत्ता खेड्यातला होता. ग्रामीण आरोग्य म्हणजे पत्ता नव्हे. अंतर, वाहन, न टिकणारे डॉक्टर, पुढे पाठवलेला पण कधीच न पोहोचलेला रुग्ण हे त्याचे प्रश्न.

आणि नोंदवहीला कमी लेखू नये. इंग्लंडच्या वेन्सलीडेल खोऱ्यातले डॉ. विल्यम पिकल्स हे साधे गावचे डॉक्टर. कोणत्या गावात कोण कधी आजारी पडला, हे ते लिहून ठेवत. लोक मोजके, सगळे ओळखीचे, त्यामुळे कोणाला कोणाकडून लागण झाली ते सापडे. काविळीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते पाच आठवडे जातात, हे त्यांना अशाच नोंदींतून दिसले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३९ साली आले. व्याप्तीचेच म्हणाल तर जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखचा गुराढोरांच्या ॲन्थ्रॅक्स रोगावरचा निबंध १८७६ साली वनस्पतींच्या जीवशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात छापला गेला. कॉख तेव्हा वोलस्टाइन या आडगावी आरोग्य अधिकारी होता.

आकडे नकोतच, असे माझे म्हणणे नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांचा सुळसुळाट पाहता काहीतरी चाळणी हवीच. पण यूजीन गारफिल्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञांनी कोणी कोणाचा संदर्भ दिला हे नोंदणाऱ्या सूचीची कल्पना १९५५ साली मांडली ती एका निबंधावरून दुसरा शोधता यावा म्हणून, आणि इम्पॅक्ट फॅक्टर पुढे आला तो सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवायला. प्राध्यापकाच्या बढतीशी त्याचा काही संबंध नव्हता. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या ‘डोरा’ जाहीरनाम्यातही हेच सांगितले आहे: नेमणूक वा बढती देताना नियतकालिकाचा आकडा निबंधाच्या दर्जाऐवजी वापरू नये. सह्या पुष्कळ संस्थांच्या आहेत. निवड समितीत बसल्यावर मात्र निबंध उघडून वाचणारे मला फार थोडे भेटले. मीही प्रत्येक वेळी वाचला, असे छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्याकडे मागणे एवढेच, की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराने त्या प्राध्यापकांना एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्हाला काय सापडले? जागा कमी पडत असेल तर दशांश गाळावेत.

आपला,
एक निवृत्त अध्यापक