हजेरीच्या वहीतले चित्रकार

महोदय,

हौशी चित्रकारांच्या मंडळाला पंचवीस-पन्नास वर्षे झाली की स्मरणिका निघते. तीत संस्थापकांचे मनोगत, अध्यक्षांची यादी आणि उद्घाटनांचे फोटो असतात. आमच्या मंडळाची स्मरणिका आम्हीही तशीच काढली. त्या कामात मी होतो, म्हणून हे लिहितो आहे.

स्मरणिका छापून झाल्यावर कपाट आवरताना हजेरीची जुनी वही हाती लागली. नाव, वेळ आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीचा विषय: 'बाटली आणि लिंबे', 'खुर्चीवर टाकलेला कोट', 'पाऊस, म्हणून खिडकीतून'. एका पानाच्या कोपऱ्यात निळसर करड्या रंगाचा अंगठा उमटलेला. एक बाई जवळजवळ प्रत्येक बैठकीला हजर. त्यांनी प्रदर्शनात कधी चित्र लावले नाही, त्यामुळे आमच्या स्मरणिकेत त्यांचे नाव कुठेच नाही. मला याची फार खंत वाटते. दोन-तीनच माणसे जमली त्या दिवसांतही त्यांची सही आहे. मंडळ टिकले ते अशा लोकांमुळे.

आँरी रूसो हा पॅरिसच्या जकातीत नोकरी करणारा, स्वतःच शिकलेला चित्रकार. १८८४ साली तिथे 'अँदेपांदाँ' ही कलावंतांची संस्था निघाली. तिच्या प्रदर्शनात निवड समिती नव्हती, म्हणून १८८६ पासून रूसोला तिथे चित्रे लावता आली. लोक हसत, पण छापील सूचीत इतरांबरोबर त्याचेही नाव आणि चित्रांची शीर्षके येत. कोणते चित्र कोणत्या वर्षीचे, हे ठरवायला अभ्यासकांना पुढे त्याच सूची उपयोगी पडल्या. सूची करणाऱ्याने नावाजलेले तेवढेच निवडले असते तर?

आपल्या मंडळांना हे अवघड नाही. चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने नाव, तारीख आणि जागा लिहावी. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. वह्यांना सेलोटेप लावू नये, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि कागदही खराब करतो. स्टेपलच्या पिना गंजतात, त्या काढून टाकाव्यात. प्रदर्शनात लागलेल्या प्रत्येक चित्राचा फोटो घ्यावा, बक्षीस मिळो न मिळो. आणि जुन्या सभासदांना नुसते 'आठवणी सांगा' म्हणू नये. त्यांचेच एखादे चित्र समोर ठेवून विचारावे: त्या दिवशी शेजारी कोण बसले होते, मॉडेल म्हणून कोण बसले, रंग कुणाचे मागून घेतले? मग माणसे भरभरून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

वाचकांना एक विनंती. घरातल्या कुणा हौशी चित्रकाराच्या मागे राहिलेल्या स्केचबुका, वह्या, प्रदर्शनाची निमंत्रणे रद्दीत घालण्याआधी त्यांच्या मंडळाला एकदा विचारा. आम्ही त्या बाईंच्या घरच्यांचा शोध घेत आहोत. स्मरणिकेला पुरवणी जोडायची आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांचे एक तरी चित्र हवे आहे.

आपला,
एक हौशी चित्रकार