केंद्रीय लघुउद्योग मंत्र्यांना खुले पत्र: शिंपल्याच्या नावावर प्लास्टिक विकणं थांबवा

मा. मंत्री महोदय,
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी सांगलीत जाकिटं आणि कुडते शिवतो. धंदा वडिलांपासूनचा. दिवाळीआधी एका सरकारी प्रदर्शनात ‘हातानं घडवलेली शिंपल्याची बटणं’ अशी पाटी होती. तिथून २४ लाइनची, म्हणजे साधारण १५ मिलिमीटर रुंद, बटणं ग्रोसवर (बारा डझनांच्या हिशेबानं) घेतली. खोकी सीलबंद होती, वर शिक्का होता. एका लग्नाच्या जाकिटांना ती लावली. नवरदेवाचे काका जुने कापडवाले. त्यांनी एक बटण गालाला लावून पाहिलं, मग सुई तापवून त्याच्या पाठीवर टेकवली. दुकानभर प्लास्टिकचा वास सुटला. शिंपला गालाला गार लागतो आणि सुईनं जळत नाही.

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मला लबाड ठरवलं गेलं. राहिलेले पैसे मिळाले नाहीत. आम्ही नवरा-बायकोनं रात्रभर बसून सगळी बटणं उसवली आणि दुसरी लावली. त्या घरानं पुन्हा आमच्याकडे कापड टाकलेलं नाही. प्रदर्शनवाल्यांनी महिन्याभरात चौकशी करतो, पैसे परत देतो असं लेखी कळवलं होतं. गेल्या आठवड्यात मोबाइलवर एक ओळ आली: तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी चौकशी केली? काय सापडलं? काही नाही!

माझं नाव गेलं, पण पोटावर पाय पडला तो मेहसीच्या कारागिरांच्या. मेहसी बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यात आहे. तिथल्या भुलावन लाल नावाच्या शाळा उपनिरीक्षकांनी १९०५च्या सुमारास सिकरहना नदीतल्या शिंपल्यांची बटणं हातानं करायला घेतली. पुढे जपानहून यंत्र आलं, कारखाना निघाला आणि काम घराघरांत पसरलं. पोकळ गोल करवतीनं शिंपल्यातून चकत्या कापायच्या, घासून त्यांची जाडी सारखी करायची, तोंड कोरायचं, दोन किंवा चार भोकं पाडायची, मग चकाकी आणायची. शिंपला कुठे जाड, कुठे पातळ, त्यामुळे बराच वाया जातो. दोन बटणांची झाक तंतोतंत जुळत नाही, आणि तीच त्याची खूण. कापताना उडणारी पांढरी भुकटी थेट छातीत जाते. ती सोसून केलेल्या बटणाचं नाव साच्यातल्या प्लास्टिकला लावलं, तेही सरकारी मांडवात.

यंत्रापुढे हातकाम हरतं, हे मला कळतं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात सतराव्या शतकापासून बायका घरी बसून दोऱ्याची बटणं करत. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बटणांचं यंत्र आलं आणि थोड्याच वर्षांत तो धंदा बसला. कुटुंबंच्या कुटुंबं देश सोडून गेली. वाईट झालं, पण यंत्राचं बटण यंत्राच्याच नावानं विकलं गेलं. इथे मेहसीवाल्याचं नाव चोरून मेहसीवाल्यालाच बाजारातून हाकलतात.

तुमच्याच सरकारच्या करयादीत ९६०६ या शीर्षकाखाली प्लास्टिकच्या बटणांना वेगळा संकेतांक आहे, धातूच्या बटणांनाही आहे. शिंपल्याचं बटण ‘इतर’मध्ये ढकललंय. ज्याला खातंच नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार? माझी आई आयुष्यभर नगावर काज-बटण करत आली. एका कागदावर तिची कारागीर म्हणून नोंद नाही. बँकेत गेलो की तारण मागतात, उद्योग खात्यात गेलो की ग्राहक खात्याकडे पाठवतात, तिथून पुन्हा प्रदर्शनवाल्यांकडे. याच चंपारणात जर्मनीच्या रासायनिक निळीनं खरी नीळ बुडवली, तेव्हा मळेवाल्यांनी तोटा कुळांच्या माथी मारला. १९१७ साली गांधीजींना तिथे जावं लागलं ते त्यामुळेच. तोटा सर्वांत खालच्या माणसानं सोसायचा, ही रीत तुम्हीही चालूच ठेवली आहे. दर वर्षी कारागिरांसोबत फोटो निघतात, आणि मांडव उठला की त्यांचा फोनही कोणी उचलत नाही.

बटण कशाचं आहे ते खोक्यावर ठळक छापणं सक्तीचं करा. सरकारी प्रदर्शनात माल मांडण्याआधी तपासा, त्याला एक सुई पुरते. गाळे दलालांना न देता करवत चालवणाऱ्यांना द्या, त्यांच्या कामाच्या जागी धूळ ओढणारी यंत्रं बसवा. शिंपल्याच्या बटणाला स्वतंत्र संकेतांक मिळवून द्या. ते अर्थ खात्याचं काम आहे असं उत्तर कृपया पाठवू नका, तुम्ही दोघं एकाच मंत्रिमंडळात बसता.

आणि माझी तक्रार ज्या चौकशीनंतर निकाली निघाली, त्या चौकशीचा कागद मला हवा आहे. त्यावर गाळेधारकाचं नाव आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही असावी. मोबाइलवर ओळ नको, टपालानं पाठवा.

आपला,
सांगलीचा एक टेलर