चूक तुमची नव्हती, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा कॉलवर बाबांनी विचारलं, "नोकरीला लागून इतकी वर्षं झाली, तरी तुझा अभ्यास संपत कसा नाही? रात्री बारापर्यंत काय वाचत बसतेस?" मी तोंड उघडणार तोच मागून आई ओरडली, "अहो, ओटीपी आला बघा!" आणि विषय तिथेच राहिला. उत्तर लिहूनच पाठवते, कारण मी जे वाचत बसते ते पुढच्या पाच मिनिटांत तुमच्याच घरात घडलं.

कॉल आईच्या फोनवर होता, फॉर्म बाबांच्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं भरून झालं होतं. ओटीपी बघायला बाबा मेसेजमध्ये गेले, परत आले, तर फॉर्म कोरा. पुन्हा भरला, पुन्हा कोरा. मग बाबा हळूच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं आता."

हे वाक्य मला झोंबलं. कारण वेबसाइटची पानं आणि असले फॉर्म डिझाइन करणाऱ्यांच्या जमातीतलीच मी.

माझ्या टेबलावरचं ते पुस्तक आठवतं का, ज्याच्या मुखपृष्ठावरच्या किटलीचा दांडा आणि चोच एकाच बाजूला आहेत? आई ते बघून म्हणाली होती, "ओतणाऱ्याचा हात भाजायचा की!" ते डॉन नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज', मूळ १९८८ सालचं. दार ओढायचं की ढकलायचं हे कळलं नाही तर माणूस स्वतःलाच बावळट म्हणतो, दाराला कुणी दोष देत नाही, हे त्यांनी इतकं पटवून सांगितलं की तसल्या दारांना आता 'नॉर्मन डोअर' म्हणतात. मला कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी आधी हेच पुस्तक हातात देते. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं.

बाबा, तुम्हाला त्यांची दुसरी गोष्ट जास्त पटेल. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनलवरचा त्याचा दिवा विझलेला. समोरच्यांनी धरलं की व्हॉल्व्ह बंद झाला. दिवा प्रत्यक्षात एवढंच सांगत होता की बंद व्हायचा हुकूम सुटलाय. तो पाळला गेला की नाही, हे तो सांगतच नव्हता. ठपका आधी ऑपरेटरांवर आला. चौकशीसाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत नॉर्मन होते, आणि त्यांना दिसलं की माणसं हुशार होती, कंट्रोल रूमची रचनाच चुका घडवणारी होती. तुम्ही कारखान्यात दोन सारख्या बटणांपैकी एकाला लाल चिकटपट्टी लावली होतीत ना? तेच काम मी करते, फक्त मला त्याचा पगार मिळतो.

तर रात्रीचं वाचन. नॉर्मन आणि वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात हे अभ्यासणारे याकोब नील्सन यांनी १९९८ साली नील्सन नॉर्मन ग्रुप ही सल्लागार संस्था काढली. त्यांच्या साइटवर शेकडो लेख फुकट आहेत. त्यातले नील्सन यांचे १० नियम १९९४ पासून जवळपास तसेच टिकून आहेत. पहिलाच नियम असा, की आत काय चाललंय हे यंत्राने माणसाला सांगावं. (तो दिवा आठवा.) आणखी एक असा, की माणसाला लक्षात ठेवायला लावू नका, समोर दाखवा. तुमच्या ओटीपीच्या फॉर्मने दोन्ही पायदळी तुडवले.

नुसते नियम घोकून भागत नाही, ते कोडमध्ये कसे उतरवायचे हेही बघावं लागतं. त्यासाठी एमडीएन उघडते, वेबचा कोड कसा लिहायचा हे सांगणारा मोफत संदर्भ आहे तो. ओटीपीच्या चौकटीला 'वन-टाइम-कोड' असा एक छोटा गुणधर्म जोडला की बऱ्याच फोनवर आलेला आकडा कीबोर्डच्या वरच सुचवला जातो. मेसेजमध्ये जायलाच नको. एका ओळीचं काम आहे, बाबा. कुणीतरी ते केलं नाही, आणि तुम्ही वयाला दोष दिलात.

आता माझं पाप. मागच्या वर्षी मी केलेलं एक पान तुम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं, आणि तुम्ही चष्मा पुसून म्हणालात, "छान आहे, पण लिहिलंय काय?" पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. मला ती फार नाजूक, उंची वाटत होती. नंतर वेबएम या संस्थेच्या मोफत तपासणीत तो रंग घातला, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, निघाला २.८५. वेब सगळ्यांना, नजर अधू असलेल्यांनाही, वापरता यावं म्हणून जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. करडा थोडा गडद केला, ४.५४ झाला, आणि पान दिसायला तसूभरही बिघडलं नाही. हे निकष वाचायला रुक्ष आहेत, खोटं कशाला सांगू. पण २०२३ च्या आवृत्तीत असंही आलंय की एकाच कामात एकदा भरलेली माहिती माणसाला पुन्हा टाइप करायला लावू नये. वाचताना मला तुमचाच चेहरा दिसला.

आई विचारते, सुचतं कुठून. डिझायनर आपली कामं मांडतात त्या ड्रिबलसारख्या साइटवर देखणी चित्रं ढिगाने असतात, मीही चाळते, पण त्यातल्या सगळ्यांची नावं आखूड आणि फोटो सुंदर. खऱ्या माणसाचं नाव चौकटीबाहेर जातं, त्याचं काय करायचं हे तिथे कुणी दाखवत नाही. त्यापेक्षा मी सीएसएस झेन गार्डन या साइटवर जाते. (सीएसएस म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारा कोड.) डेव्ह शे यांनी २००३ साली मांडलेला खेळ आहे तो: मजकूर तोच, कोडचा सांगाडा तोच, आणि प्रत्येक डिझायनरने त्याला चढवलेला साज वेगळा. कधी वेबच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये एखाद्या साइटची जुनी रूपं बघते. काय काढून टाकलं, ते बघण्यात जास्त शिकायला मिळतं.

आणि हसू नका, पण माझी सगळ्यात आवडती साइट ब्रिटिश सरकारची आहे. दिसायला अगदी सपक. मात्र प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट तशीच का केली, लोकांवर तपासताना काय आढळलं, हे त्यांनी उघड लिहून ठेवलंय. एका पानावर एकच गोष्ट विचारा, ही सवय मला तिथून लागली. कोर्स म्हणाल तर एक पैसे भरून केला, प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये आहे. वेब डॉट डेव्ह या गूगलच्या साइटवरचे फुकटचे धडे त्याहून उजवे निघाले.

आता कामाचं. रविवारी सकाळी मला बाबा हवे आहेत. नव्या फॉर्मची चाचणी घेतेय. नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की ५ जणांवर तपासलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. माझे चार झाले, पाचवे तुम्ही. मी लिंक पाठवीन आणि गप्प बसेन. अडलात तरी सांगणार नाही, राग मानू नका. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, "हे काय आता" सुद्धा. फोनची अक्षरं मोठी करून ठेवली आहेत ती तशीच असू देत. माफी मात्र एकदाही मागायची नाही.

आई, शेजारी बसलीस तरी चालेल, पण बोट दाखवायचं नाही. तुझा नंबर पुढच्या फेरीत.

तुमची,
लेक