काका, सहीचा अधिकार मिळाला

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात, दुरुस्त झालेलं विमान सही करून उडायला सोडायचं कंपनीचं ऑथरायझेशन हातात आलं. लायसन्सवर ए३२० ची टाइप नोंद, म्हणजे एअरबसच्या त्या प्रकारच्या विमानाची नोंद, आधीच झाली होती. पण लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, देतं आणि विमान सोडायचा अधिकार कंपनी देते, दोन्ही आल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत, अशी ताकीद तुम्हीच दिली होती. आता दोन्ही आले. पेढे घेऊन नाशिकरोडला येतेच आहे, त्याआधी हे पत्र.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. बारावीचा निकाल लागला की एएमईच्या, म्हणजे विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरच्या, कोर्सबद्दल ओळखीपाळखीतून मला फोन येतात. ‘एएमईला टाकलं तर मुलाचं होईल ना काही?’ मी जी उत्तरं देते ती सगळी तुमची आहेत. तेव्हा आभारही चारचौघांत मानलेले बरे.

२०१५ साली माझी बारावी झाली तेव्हा आमच्या घरी एका संस्थेचा माणूस माहितीपत्रक घेऊन येऊन गेला होता. शंभर टक्के प्लेसमेंट, कोर्स संपताच लायसन्स, लगेच लाखात पगार असं सगळं त्यात छापलं होतं. बाबा सातपूरला टर्नर. पीएफमधून पैसे काढायचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत, एकदा विचारून घ्या म्हणून. तुम्ही आम्हाला ओळखतही नव्हता. तरी ते पत्रक तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंत आणि मग बाबांना कागद-पेन घ्यायला सांगितलंत.

काय विचारायचं ते तुम्ही लिहून दिलंत. संस्थेला सीएआर-१४७, म्हणजे प्रशिक्षण संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमाखाली मान्यता आहे का आणि ती आजच्या तारखेला चालू आहे का, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही, डीजीसीएच्या यादीत बघायचं. मान्यता नेमक्या कुठल्या कॅटेगरीची आहे तेही बघायचं, कारण बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.३ म्हणजे टर्बाइन हेलिकॉप्टर आणि बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. प्रॅक्टिकल कुठे होणार, चालत्या विमानांवर की शेडमध्ये उभ्या करून ठेवलेल्या सांगाड्यावर? मागच्या तीन बॅचमधल्या किती जणांच्या हातात आज लायसन्स आहे, आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर त्या माणसाने पुन्हा फोन केला नाही. बाबांचे पैसे वाचले, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या वाटेला खरोखर किती वर्षं लागतात हे आम्हाला पाऊल टाकायच्या आधी कळलं.

तुम्ही काहीही गोड करून सांगितलं नाही. कॉलेजचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नाही. एरोनॉटिकलची पदवी म्हणजेही लायसन्स नाही. ती विमानाची रचना करणाऱ्यांची वाट, ही दुरुस्त करून उडायला सोडणाऱ्यांची. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा डीजीसीए घेतं आणि प्रत्येकात ७५ टक्के लागतात, ७४ आले तर नापास. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला असेल तर वर दोन वर्षांचा अनुभव हवा, नसेल तर पाच वर्षांचा, आणि तो उडत्या विमानांवरचा. मग कोरं लायसन्स. त्यावर टाइप चढेपर्यंत एअरलाइनच्या विमानाला सोडपत्र, म्हणजे ते उडायला सोडत असल्याचा सहीचा कागद, देता येत नाही. ए३२० सारख्या विमानाचं बी१.१ साठीचं टाइप ट्रेनिंग म्हणजे नुसती थिअरीच किमान दीडशे तास, पुढे प्रॅक्टिकल, आणि पहिलंच टाइप असेल तर प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण वेगळं. ‘आठ-दहा वर्षं धरून चाला,’ तुम्ही बाबांना म्हणालात. ‘त्याआधी झालं तर आनंद. पण घर त्या हिशोबाने चालवा.’ बाबांनी खरंच तसं चालवलं. मधली वर्षं ओढाताणीची गेली, पण आमच्या घरात कुणी मला ‘अजून किती?’ असं विचारलं नाही, ते तुमच्या त्या एका वाक्यामुळे.

आत्या तेव्हा म्हणाली होती की मुलीने ऑइल-ग्रीसमध्ये हात घालायचे, रात्रपाळ्या करायच्या, कशाला? तुम्ही तिला समजावत बसला नाहीत. नट ताकदीने आवळायचा नसतो, टॉर्क रेंचवर ठरलेल्या आकड्याला आवळायचा असतो, आणि त्याहून जास्त आवळणाऱ्याला आम्ही हँगरमधून बाहेर काढतो, एवढंच सांगितलंत. बाबा एकदम खूश झाले. मायक्रोमीटरवर दिवस काढणाऱ्या माणसाला ते लगेच पटलं.

लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची पिळाची तार, मी तुमच्या गॅलरीत शिकले. कॉलेजमध्ये दाखवलं होतं, पण पंचवीस जणांत एक पक्कड. तुम्ही पत्र्याच्या पट्टीवर दोन भोकांचे बोल्ट बसवून ठेवले होते. तार अशा बाजूने न्यायची की तिचा ताण बोल्टला आवळायच्या दिशेला ओढेल. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी असतील तर तार सैल पडते, जास्त असतील तर ताठ होऊन तुटते. शेवटचं टोक आत वळवायचं. ते का, असं मी विचारल्यावर तुम्ही उजव्या हाताच्या बोटावरचा जुना व्रण दाखवलात. कुणीतरी टोक बाहेर ठेवलं होतं, आणि पुढच्या पाळीला तिथे तुमचा हात गेला. तुमच्या मागून त्या जागी हात घालणाऱ्या माणसाचा विचार हा कामाचाच भाग आहे, असं तुम्ही म्हणायचात. मी केलेली तार तुम्ही कापून टाकायचात आणि पुन्हा करायला लावायचात. काकू मधूनच पोहे आणून ठेवायच्या, आणि हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय खायचे नाहीत असा त्यांचाही एक नियम होता.

नववं मॉड्यूल ह्युमन फॅक्टर्सचं, काम करताना माणसाकडून चुका का होतात त्याचं. आम्ही सगळे ते पाठ करण्याचं मॉड्यूल समजायचो. तुम्ही मला पुस्तक मिटायला सांगून १० जून १९९० ची गोष्ट सांगितलीत. ब्रिटिश एअरवेजची ५३९० क्रमांकाची फ्लाइट, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन. सतरा हजार फुटांच्या वर कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांचे पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. काच उड्डाणाच्या सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी व्यासाने बारीक होते, फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. अनुभवी माणसाने, माणसं कमी असलेल्या रात्री, जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारा डोळ्यांनी शोधला होता. पार्ट्स कॅटलॉग उघडून नंबर पाहिला नव्हता. आणि काढलेले जुने बोल्टही मुळात बरोबर मापाचे नव्हते.

गोष्ट संपल्यावर मी म्हटलं, निष्काळजीपणा होता. तुम्ही ‘नाही’ म्हणालात. तो माणूस कामसू होता, विमान वेळेत द्यायची त्याची धडपड होती, स्टोअरमध्ये बोल्ट कमी होता म्हणून तो दुसरीकडे शोधायलाही गेला. म्हणूनच ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण अशा रात्री चांगल्याच माणसांवर येतात. काका, परीक्षेत त्यावर काय विचारलं होतं ते आठवत नाही. पण आजही ओळखीचा, रोजचा नट असला तरी मी आयपीसी, म्हणजे विमानाचा पार्ट्स कॅटलॉग, उघडते. सोबतचे मेकॅनिक आता विचारत नाहीत, स्वतःच पान काढून ठेवतात.

मग २०१९ आलं. आमचा अभ्यासक्रम संपला आणि त्याच एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. वीस-वीस वर्षं अनुभव असलेले, लायसन्सवर टाइप चढलेले (टाइप-रेटेड) इंजिनिअर नोकरी शोधत फिरत होते. त्यांच्यापुढे आम्हाला कोण विचारणार? पुढच्या वर्षी करोना. त्या काळात तुम्ही दर रविवारी फोन करायचात. धीर धर, सगळं ठीक होईल, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. राहिलेल्या मॉड्यूलचे प्रश्न विचारायचात. क्वेश्चन बँक पाठ करून आलेलं उत्तर तुम्हाला लगेच ओळखू यायचं. मग ‘असं का?’ विचारायचात आणि मी अडेपर्यंत विचारत राहायचात. धंदा बुडाला, किंगफिशरही २०१२ साली बुडाली होती, पण विमानं उडायची थांबणार नाहीत आणि उडणाऱ्या विमानाला सही लागणारच, हे तुम्ही हिशोब मांडून सांगितलंत. एप्रिल २०२० मध्ये विमान दुरुस्तीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. परदेशात जाणारी कामं इथे राहतील, नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाकडे नजर ठेव, असं तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मला पहिलं ट्रेनीचं काम मिहानमध्येच मिळालं. स्टायपेंड इतका होता की खोलीभाडं भागून थोडं उरायचं. तुम्ही म्हणालात, पगार मोजू नकोस, लॉगबुकची पानं मोज. आणि लॉगबुक त्याच संध्याकाळी भरायचं, ज्याच्या देखरेखीत काम केलं त्याची सही त्याच आठवड्यात घ्यायची. माणसं बदलून जातात, मग सहीसाठी गावोगाव फिरावं लागतं. माझ्या बरोबरीची दोघं अशी अडकली. माझ्या अर्जाच्या वेळी एकही सही राहिलेली नव्हती.

फोन करणाऱ्या पालकांसाठी इथे थोडं लिहिते. संधी आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहेत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती एकदम येत नाहीत, वर्षांमागून वर्षं येत राहतील, आणि प्रत्येकाला लाइनवर आणि हँगरमध्ये माणसं लागतील. हैदराबादला लीप या जेट इंजिनांच्या दुरुस्तीचं केंद्र उभं राहिलं आहे. पण टाइप-रेटेड इंजिनिअर हवेत म्हणजे नुकतं कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलाला लगेच नोकरी, असं नाही. मधली ट्रेनी आणि टेक्निशियनची वर्षं टळत नाहीत. टाइप कोर्स स्वतःच्या खर्चाने करायचा तर मोठी रक्कम लागते. कंपनीने केला तर बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं तिथेच काम करायचा करार, असतो, तो सही करण्याआधी नीट वाचावा. आखातात आपली बरीच माणसं आहेत, पण तिथले नियामक वेगळे, आणि युरोपचं लायसन्स हवं तर त्यांच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. आणि हे एकदा मिळवून कपाटात ठेवायचं काम नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि दोन वर्षांत सहा महिने प्रत्यक्ष काम झालं नसेल तर सोडपत्रावर सही करता येत नाही. हे सगळं ऐकूनही ज्या मुलाला किंवा मुलीला विमानाच्या पोटाखाली रात्रीचे तीन वाजता उभं राहायचं असेल, त्यांनी जरूर यावं. मला हे काम अतिशय आवडतं.

आता तुमच्यासाठी एक बातमी, फोनवर सांगायची राहिलेली. ऑथरायझेशननंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मेन व्हील बदलायचं काम पाळी बदलताना माझ्याकडे आलं. आधीच्या पाळीने चाक चढवलेलं होतं. ‘टॉर्क झालाय, फक्त सही राहिली,’ असं तोंडी सांगितलं गेलं, कार्डावर नोंद नव्हती. सांगणारा माणूस भरवशाचा आणि माझ्याहून ज्येष्ठ. सकाळची पहिली फ्लाइट त्याच विमानाची होती. मी लॉक काढायला सांगितलं. चाक फिरवत नट आवळला, सैल केला, मॅन्युअलमधल्या आकड्याला पुन्हा आवळला, लॉक बसवलं, रेंचची कॅलिब्रेशनची तारीख लिहिली आणि मग सही केली. विमान काही मिनिटं उशिरा निघालं. ड्युटी मॅनेजरने कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. एवढंच झालं. पहिलं काम आधीच बरोबर झालेलं असणार, बहुधा होतंच. पण न पाहिलेल्या कामाखाली नाव घालायचं नाही हे तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंत की त्या रात्री मला ठरवावं लागलं नाही.

काका, तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. पहिल्या पगाराची साडी काकूंनी कशीबशी घेतली, तुम्ही तर शर्टाचं पाकीट परत पाठवलंत. म्हणून या वेळी वस्तू आणत नाही. एक विनंती आहे. सिन्नरची एक मुलगी बारावीत आहे, वडील एसटीत मेकॅनिक. ती तुमच्याकडे येऊ का विचारत होती. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे पत्रकं वाचायचं काम माझ्याकडे द्या. तिला प्रश्नांची यादी मी दिली आहे, संस्थांची नावं तिने काढली आहेत, दर रविवारचा फोन मी घेईन. लॉकवायर मात्र तिला तुमच्याच गॅलरीत शिकायची आहे. पट्टी आणि बोल्ट अजून ठेवलेत असं काकू म्हणाल्या.

येत्या शनिवारी दुपारी पोचते. काकूंना सा. न.

तुमची विद्यार्थिनी