"हात येईल का?"

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सा. न. वि. वि.

मी एका सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. अंगावरून वारं गेलेले, म्हणजे स्ट्रोकचे पेशंट माझ्याकडे येतात ते मेंदूच्या स्कॅनचा भलामोठा लिफाफा घेऊन. गेल्या महिन्यात एका काकांच्या मुलाने तो डोक्यावर धरला होता, बाहेर पाऊस होता. केसपेपरवर एवढंच: 'उजवी बाजू लुळी. फिजिओथेरपी.' मुलाचा प्रश्नही एवढाच, "हात येईल का?"

निम्मं उत्तर त्या लिफाफ्यातच असतं. हाताला हुकूम नेणारे तंतू मेंदूतल्या 'इंटर्नल कॅप्सूल' नावाच्या चिंचोळ्या पट्ट्यातून खाली उतरतात. खंबाटकी घाटात एक ट्रक आडवा झाला की अख्खा रस्ता तुंबतो, तसंच इथे. या पट्ट्यातला, स्ट्रोकने पडलेला हरभऱ्याएवढा डाग सगळा हात पाडतो. दुसरीकडे लिंबाएवढा डाग असूनही बोटं चालू राहू शकतात. एमआरआयच्या डिफ्युजन पद्धतीने तर हे तंतू कितपत टिकलेत याचा अंदाजही घेता येतो.

म्हणजे मी एमआरआय मशीन मागतेय? नाही. (दिलंत तर नको म्हणणार नाही.) न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी २०१२ साली हात कितपत परतेल याचा आडाखा मांडला, त्यात एमआरआय होता. २०१७ मध्ये त्यांनीच त्यातून एमआरआय वगळला. पहिल्या तीन दिवसांत पेशंटला खांदा बाजूला उचलायला आणि बोटं सरळ करायला सांगायचं, दोन्हींना ५ पैकी गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा वर गेली तर हात बहुधा चांगला येतो. खाली राहिली तरच चुंबकीय स्पंद देऊन मेंदूपासून हातापर्यंतची वाट उघडी आहे का ते बघायचं. चारांतल्या तिघांबाबत हा आडाखा बरोबर ठरला.

साहेब, स्ट्रोकच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डवर दोन ओळी सक्तीच्या करा: तिसऱ्या दिवसाचे खांदा-बोटांचे गुण, आणि डाग त्या पट्ट्यात आहे की नाही. आणि आम्हाला त्याच तीन दिवसांत वॉर्डात बोलवा. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पदरात पडतो. काका आले सातव्या आठवड्यात, तोवर नुसती मालिश चालली होती.

मी मुलाला विचारलं, तिसऱ्या दिवशी बोटं उघडत होती का?

"हात चादरीखालीच होता, मॅडम. कुणी बघितलाच नाही."

आपली,
एक सरकारी फिजिओथेरपिस्ट